सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही: दोष शोधायचा कसा?

चावी फिरवली की बोनेटखालून घर्र-घर्र आवाज येतो, इंजिन फिरतंय हे कळतं, पण पेट काही घेत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: पुन्हा सेल्फ मारतात. मग अजून एकदा, जरा जास्त वेळ. थोड्या वेळात बॅटरी उतरते आणि गॅरेजला फोन जातो तो 'गाडी सेल्फच घेत नाही' असा. मूळ दोष जागच्या जागी राहतो, त्यावर बॅटरीचं नवं दुखणं बसतं, आणि मेकॅनिकचा पहिला अर्धा तास भलत्याच ठिकाणी जातो.

वास्तविक सेल्फ फिरतोय म्हणजे निम्मा तपास आपोआप झालेला असतो. इंजिन जाम नाही, सेल्फची मोटर ठीक आहे, तिच्याकडे जाणारी जाड केबल ठीक आहे, इग्निशन स्विच सेल्फपुरता तरी काम करतोय. म्हणूनच अशा गाडीला धक्का मारून काही साधत नाही. धक्क्याने जे होणार, म्हणजे इंजिन फिरणं, ते सेल्फ करतोच आहे. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो बिघडवू शकतं, आणि तो महागडा भाग आहे.

आता उरतं काय? पेट्रोल इंजिनाला पेटायला तीन गोष्टी लागतात: हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल, ते मिश्रण दाबलं जाणं, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पेट्रोल इंजेक्टर फवारतो, ठिणगी प्लग पाडतो आणि त्याला लागणारा करंट कॉइल देते. तिन्ही वेळेवर व्हाव्यात हे काम आज ईसीयू नावाचा गाडीतला कॉम्प्युटर बघतो. दोष या साखळीत कुठेतरी असतो. कुठे, हे पाना हातात घेण्याआधी कानाने, डोळ्यांनी आणि नाकाने बरंच कळतं. मी त्या क्रमानेच सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त तपासण्या आधी करायच्या, हा यातला माझा एकमेव हट्ट आहे. 'आधी प्लग बदलून बघू, मग कॉइल, मग पंप' या पद्धतीत गाडी कधीतरी चालू होते, पण तोवर दोन-तीन चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात.

आधी ऐका, मग डॅशबोर्ड बघा

सेल्फ मारताना निरोगी इंजिन मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे फिरतं. आवाजात चढउतार असतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाब धरताना मोटरला जोर लावावा लागतो. हा आवाज तुमच्या गाडीचा नेहमीचाच वाटला तर पुढे चला.

तो मंद, ओढल्यासारखा वाटला तर बॅटरीवर संशय घ्या. इथे अनेक जण फसतात: 'सेल्फ फिरतोय ना, मग बॅटरी कशी खराब असेल?' पूर्ण चार्ज असलेली बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना तो आकडा खाली येतोच, पण ९.५ च्याही खाली गेला तर मोटर कशीबशी फिरते आणि ईसीयू, इंजेक्टर, कॉइल यांना पुरेसा करंट मिळत नाही. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, लगेच कळेल. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर तो आधी साफ करा.

आवाज नेहमीपेक्षा हलका, सलग आणि भरभर येत असेल, चढउतारच नसेल, तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याची ही खूण असू शकते. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी राहतात आणि पिस्टन खाली-वर होत राहतात. कित्येक इंजिनांत ते एकमेकांवर आपटून व्हॉल्व्ह वाकतात, आणि हजारांतलं काम इंजिनाचं हेड उघडण्यापर्यंत जातं. गाडीला बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्याने तर ते पहिल्याच दिवशी बघावं.

आवाज ठीक असेल तर चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. बटणवाली गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा. आता डॅशबोर्डवर तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, पिवळा चेक इंजिनचा दिवा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे. लागलाच नाही तर दिवा उडालेला असेल, नाहीतर ईसीयूला करंटच पोहोचत नाही. त्याचा फ्यूज आणि मेन रिले (करंट जोडणारा-तोडणारा डबीसारखा स्विच) तपासा. ईसीयू झोपलेला असेल तर पंपही चालणार नाही आणि ठिणगीही पडणार नाही. दोन्ही एकदम गायब असतील तर दोन वेगळे दोष शोधत बसू नये, त्यांचा सामाईक मालक शोधावा.

दुसरी, चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चिन्ह. ते भराभर लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, चावी ओळखत नाहीये. काही गाड्या अशा वेळी सेल्फही घेत नाहीत. काही मात्र सेल्फ घेतात पण पेट्रोल सोडत नाहीत, किंवा एखादा सेकंद चालू होऊन बंद पडतात. चावीतली जी चिप ओळखली जाते तिला बॅटरी लागत नाही, त्यामुळे रिमोटचा सेल बदलून उपयोग होईलच असं नाही. दुसरी चावी लावून बघा. जुडग्यात दुसऱ्या गाडीचीही चिपवाली चावी अडकवलेली असेल तर ती काढून बघा, दोन चिपा शेजारी आल्या की कधीकधी घोटाळा होतो. बटणवाल्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर रिमोट थेट बटणाला टेकवून बटण दाबायची सोय बहुतेक कंपन्यांनी ठेवलेली असते.

तिसरी खूण सेल्फ मारतानाची. आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो शून्यावरून किंचित उचलला जातो. इंजिन फिरतंय आणि काटा ढिम्म हलत नाही, तर इंजिन फिरल्याची खबर ईसीयूला देणाऱ्या क्रँक सेन्सरचं नाव वहीत लिहून ठेवा. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पेट्रोल पोहोचतंय का?

मागच्या सीटच्या खाली, टाकीच्या आत पेट्रोल पंप असतो. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चावी ऑन केली की तो सुमारे दोन सेकंद चालतो, लाइनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. एसीचा पंखा आणि म्युझिक बंद करा, मागचं दार उघडा, एकाला चावी फिरवायला सांगा आणि सीटजवळ कान लावा. 'झूंss' असा बारीक आवाज आला पाहिजे. रस्त्यावर रहदारी असेल तर पेट्रोल भरायचं झाकण उघडून नळीच्या तोंडाशी ऐका, तिथे जास्त स्पष्ट येतो.

आवाज नाही आला म्हणजे पंप गेलाच, असं नाही. आधी फ्यूज. मग रिले. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर कुठला रिले कशाचा हे छापलेलं असतं. हॉर्नचा रिले बहुधा त्याच मापाचा असतो. दोघांवरचे नंबर सारखे असतील तर अदलाबदल करून बघा. पंप बोलायला लागला तर मोठा खर्च टळला. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसला की पेट्रोल तोडणारा एक स्विच असतो. मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर किंवा पार्किंगमध्ये कुणी मागून ठोकल्यावर तो उडतो आणि वरचं बटण दाबून परत बसवावा लागतो. हे माहीत नसलेल्या माणसाने अशी गाडी टोचन लावून नेलेली मी पाहिली आहे.

टाकीत पेट्रोल आहे ना, हा प्रश्न अपमानास्पद वाटला तरी विचारायचा. काट्याचा फ्लोट अडकतो आणि रिकामी टाकीही पाव भरलेली दाखवते. घाटात चढाला उभ्या केलेल्या गाडीत थोडं पेट्रोल असेल तर ते मागच्या बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

सीएनजी गाड्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण मुंबई-पुण्याकडे 'सेल्फ फिरतो पण चालू होत नाही' या तक्रारीत या गाड्या भरपूर असतात. काही नव्या गाड्या सोडल्या तर सीएनजी गाडी सकाळी पेट्रोलवरच चालू होते आणि इंजिन जरा गरम झालं की गॅसवर जाते. मालकाला मात्र पेट्रोल हा निव्वळ खर्च वाटतो. तो शंभर-दोनशे रुपयांचं टाकतो, काटा कायम लाल रेषेवर. टाकीतला पंप त्याच पेट्रोलने थंड राहतो आणि त्याला वंगणही त्याचंच असतं. अपुऱ्या पेट्रोलात फिरून फिरून पंप तापतो, घासतो आणि एका सकाळी बोलतच नाही. पंप शाबूत राहिला तरी तळाला महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलातला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून गेलेला असतो. शिवाय आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंप ओढतो तोही तळातूनच.

पण याच गाडीत एक सुरेख तपासणी फुकट मिळते. अनेक किटमध्ये चावी ऑन करताना गॅसचं बटण दाबून धरलं की गाडी थेट सीएनजीवर चालू करता येते. नेमकं कसं, ते किटच्या पुस्तकात असतं. पेट्रोलवर न पेटलेली गाडी गॅसवर पटकन पेटली तर एका झटक्यात काय काय सुटलं बघा: ठिणगी आहे, दाब आहे, क्रँक सेन्सर ठीक आहे, टायमिंग ठीक आहे, ईसीयू जागा आहे. दोष पेट्रोलच्या वाटेवर, म्हणजे टाकीपासून इंजेक्टरपर्यंत, आहे. ही रोजची पद्धत करू नका, तात्पुरती सोय म्हणून वापरा. आणि टाकी पाव तरी भरलेली ठेवा.

पंप बोलतोय म्हणून दाबही पुरेसा आहे, असं गृहीत धरू नका. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत लाइनमध्ये सुमारे ३ बार दाब लागतो. पंप थकला किंवा फिल्टर चोंदला तर आवाज येतो, दाब येत नाही. तो गेज लावूनच मोजायचा, आणि हे गॅरेजचं काम आहे. घरच्या घरी पेट्रोलची नळी सोडून 'किती जोरात येतंय' बघण्याचा उद्योग करू नका. गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडाला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

प्लग काय सांगतो

सेल्फ भरपूर मारून झाला असेल तर थंड इंजिनातला एक प्लग काढून हातात घ्या. कोरडा ठणठणीत असेल आणि पेट्रोलचा वास नसेल, तर पेट्रोल येत नाहीये. ओला असेल, नखाने पुसल्यावर बोटाला पेट्रोल लागत असेल, तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये. म्हणजे एकतर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल इतकं जास्त झालंय की प्लग भिजून विझलेत. मेकॅनिक याला 'फ्लड झाली' म्हणतात.

फ्लड होण्याचं नेहमीचं निमित्त अगदी फुसकं असतं. रविवारी गाडी धुवायला म्हणून सोसायटीच्या पार्किंगमधून नळापर्यंत आणली आणि मिनिटाभरात बंद केली. थंड इंजिनाला ईसीयू जादा पेट्रोल देतो. ते जळून जायच्या आत इंजिन बंद झालं आणि पुढच्या वेळी पुन्हा जादा पेट्रोल आलं. यावर उपाय गाडीतच असतो: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. बहुतेक ईसीयू अशा वेळी इंजेक्टर बंद ठेवतात, नुसती हवा आत जाते आणि प्लग सुकतात. इंजिनाने पेट घ्यायला सुरुवात केली की पाय लगेच वर घ्या.

ठिणगी बघायची जुनी पद्धत, म्हणजे प्लग वायरला लावून इंजिनाला टेकवायचा आणि करंट येतोय का बघायचं, आता सोडून द्यावी. कॉइल हजारो व्होल्ट काढते. हाताला झटका बसतो तो बसतो, ईसीयूही जाऊ शकतो, आणि शेजारच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. मध्ये लावायचा स्पार्क टेस्टर स्वस्तात मिळतो. तर्कही वापरा: चारही प्लगना वेगळ्या कॉइल असतील तर चारही एकाच दिवशी मरत नाहीत. एक गेली तर गाडी थरथरत का होईना, चालू होते. ठिणगी सगळीकडेच नसेल तर दोष कॉइलच्या मागे आहे.

आणि मागे बहुतेकदा क्रँक सेन्सर निघतो. अंगठ्याएवढा हा भाग क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावरच्या, दातेरी चकतीसमोर बसतो. बऱ्याच गाड्यांत त्या चकतीवर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. ती फट समोरून गेली की ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं. सेन्सर गप्प झाला तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये. मग पेट्रोल कशाला सोडायचं आणि ठिणगी कुणासाठी पाडायची?

या सेन्सरची खोड अशी की तो तापल्यावर दगा देतो. पुण्याहून साताऱ्याला निघालेली गाडी खंबाटकी उतरून चहाला थांबते. तोवर ती उत्तम चाललेली असते. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, वारा लागायचा थांबतो, आणि साठलेली उष्णता आजूबाजूच्या भागांत शिरते. म्हणजे बंद केल्यावर पहिली काही मिनिटं बोनेटखाली चालतानापेक्षा जास्त तापतं. चहा संपतो, चावी फिरवली की घर्र-घर्र, पण गाडी चालू नाही. तासाभराने मेकॅनिक येतो, चावी फिरवतो आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू! तो 'काही नाही हो' म्हणून निघून जातो, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रकार. थंड असताना चालू, गरम असताना नाही, पुन्हा थंड झाल्यावर चालू, हे चक्र दिसलं की पंपाच्या रिलेइतकाच संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. गरम असताना, दोष हजर असताना, स्कॅनर लावायला मिळाला तर काम फत्ते.

स्कॅनरबद्दल थोडं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात बसणारं छोटं यंत्र मोबाइलला जोडता येतं. पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅम सेन्सरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर नजर ठेवणाऱ्या). पण कोड म्हणजे निकाल नव्हे, तो फक्त गल्ली दाखवतो, घर नाही. पी०३३५ आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. पावसाळ्यात बोनेटखाली उबेला आलेल्या उंदराने कुरतडलेली वायरही तोच कोड देते. आणि कोड नाही म्हणजे दोष नाही असंही नाही. त्यापेक्षा सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम किती दिसतो ते बघा. इंजिन फिरतंय आणि तिथे शून्य, तर काट्याने दिलेली खूण पक्की झाली.

हवा अडल्यामुळे गाडी अजिबातच चालू न होणं दुर्मीळ. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलंय का तेवढं बघून घ्या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला गेज लागतो आणि ती पाळी शेवटी येते.

डिझेल असेल तर

डिझेलला प्लगची ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच ते पेटतं. त्यामुळे इथे सेल्फ मारताना एकाने मागे उभं राहून सायलेन्सर बघायचा. पांढरट-करडा धूर येत असेल तर डिझेल आत येतंय पण पेटत नाहीये. धूरच नसेल तर डिझेल येतच नाहीये. महाबळेश्वरच्या पहाटेच्या थंडीत ग्लो प्लगवर (सिलिंडर आतून तापवणाऱ्या कांडीवर) संशय घेणं ठीक, मुंबईच्या मे महिन्यात तो जवळजवळ सोडून द्या.

धूर नाही, आणि अलीकडे डिझेल संपलं होतं किंवा फिल्टर बदलला होता, तर लाइनने हवा धरली असणार. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्यात तो सोडून बघा. कॉमन रेल इंजिनात (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) रेलमध्ये ठरावीक दाब, साधारण २०० बारच्या आसपास, तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. एक इंजेक्टर गळका निघाला तरी तो दाब भरत नाही. जुन्या डिझेल गाड्यांत इंजेक्टरचे पाइप ढिले करून हवा काढत. कॉमन रेलला ते कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडी फाडून आत जाते. ईथरचा स्प्रे मारून डिझेल चालू करण्याचा सल्लाही ऐकू नका, ग्लो प्लग तापलेले असताना तो आतच स्फोटासारखा पेटतो.

पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका

वरचं सगळं कोरड्या गाडीचं. तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला यातलं काहीही लागू नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो प्रसंग टोकाचा होता, पण सबवेतल्या दीड-दोन फूट पाण्यातही इंजिन हवेच्या नळीतून पाणी ओढू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फच्या एका झटक्याने पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. विमा कंपन्याही पाण्यात पुन्हा चालू करायला गेल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा देत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. गाडी ओढून न्यायला सांगा, आणि प्लग काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय कुणालाही चावी देऊ नका.

एरवी एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. तीन-चार प्रयत्नांत चालू झाली नाही तर गॅरेजला फोन करा, पण 'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. सेल्फचा आवाज कसा येतोय, चेक इंजिनचा दिवा लागतो का, चावीचं चिन्ह लुकलुकतं का, पंपाचा आवाज येतो का, पेट्रोलचा वास येतो का, गाडी गरम होती की थंड, हे सांगा. आणि गेल्या आठ-पंधरा दिवसांत गाडीला कुणी हात लावला होता का, तेही. नवीन बॅटरी, नवीन म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून केलेली धुलाई, काहीही असो. वायरिंगवाल्याने ट्रॅकरसाठी इग्निशनच्या वायरीला मारलेला आणि नुसता टेप गुंडाळलेला जोड हा यातला नेहमीचा गुन्हेगार. तो डॅशबोर्डखाली हात घालून, वायर चाचपत गेलं की सापडतो.